श्रींचा शीण आणि भक्ताचा विसावा

॥ रामकृष्ण हरि ॥

कार्तिक शुद्ध एकादशीपासून माघ शुद्ध एकादशीपर्यंतचा थंडीचा काळ हा महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्रांवर अतिशय वर्दळीचा असतो. पंढरीची कार्तिकी यात्रा आटोपते न आटोपते तोच कार्तिक वद्यात आळंदीस श्रीज्ञानेश्वर महाराजांचा संजीवन समाधी सोहळा येतो. मार्गशीर्षात जेजुरीस चंपाषष्ठी, पौर्णिमेस नरसोबाची वाडी व औदुंबर येथे श्रीदत्तजयंती, डिसेंबरअखेरच्या सुट्ट्या, शाळांच्या सहली, आणि पुढे मकरसंक्रांतीस श्रीरुक्मिणीमातेच्या दर्शनासाठी सुवासिनींची रीघ. दोन दिवसांत चार-पाच क्षेत्रे उरकण्याच्या बेताने निघालेली कुटुंबे पहाटेच्या गारठ्यात रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात आणि लागलीच पुढच्या गाडीकडे धावतात. देह तीर्थाला जाऊन येतो. मन मात्र वाटेवरच राहते. घरी परतल्यावर पदरी पुण्याबरोबर थकवाही तितकाच येतो.

अशा भाविकांनी पंढरीरायाच्या नित्योपचारांकडे क्षणभर लक्षपूर्वक पाहावे. इतर वेळी श्रींची दिनचर्या आखीव असते. पहाटे काकडा, मग नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, पुढे पोशाख, सायंकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. शेजारती झाली की देव निद्रेस जातात. परंतु आषाढी व कार्तिकी यात्रेच्या आधी शेजघरातील पलंग काढून ठेवला जातो. भाविकांस अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देव झोप सोडून उभे राहतात, अशी त्यामागील भावना आहे. या दिवसांत श्रींच्या पाठीशी मऊ लोड व मातेच्या पाठीशी तक्क्या दिला जातो. भक्तांसाठी तिष्ठणाऱ्या देवाला तेवढाच टेका!

यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. श्रींच्या चरणांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, पूजा-अभिषेक करून नवा पोशाख व अलंकार चढवितात. शिणवटा उतरावा म्हणून काढाही अर्पण करण्याची रीत आहे. त्यानंतर पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि नित्याचे राजोपचार पूर्ववत सुरू होतात.

परब्रह्माला शीण कसला, असा प्रश्न एखादा विचारील. तत्त्वदृष्ट्या तो रास्तही आहे. परंतु भक्ती देवाला आपल्या घरातील माणूस मानते, आणि घरच्या माणसाचे दुखणे-खुपणे न सांगता ओळखते. या उपचारांतून पूर्वजांनी एक मोठी शिकवण जतन करून ठेवली आहे. सेवेत थकवा येणे हा दोष नव्हे, आणि थकल्यावर विसावा घेणे म्हणजे आळस नव्हे. ज्या परंपरेने देवाचीही विश्रांती ठरवून दिली, तिने भक्ताला अखंड धावण्याची आज्ञा कधीच केलेली नाही. पालखी सोहळ्यातही चालण्याइतकेच दुपारच्या विसाव्याला आणि रात्रीच्या मुक्कामाला स्थान आहे. विसावा हा वारीचाच भाग आहे.

कार्तिकीनंतर येणाऱ्या मार्गशीर्षाविषयी पंढरीत आणखी एक गोड श्रद्धा आहे. या महिन्यात श्रीविठ्ठल गोपाळपूरच्या वाटेवर चंद्रभागेच्या पात्रातील विष्णुपदावर वास्तव्यास असतात, असे मानले जाते. तेथील शिळेवर भगवंतांची पावले व गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवितात. भाविक तेथे दर्शनास जातात आणि शिदोरी सोडून वनभोजनही करतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ज्या महिन्याला आपली विभूती म्हटले, त्याच महिन्यात देव गजबजलेल्या राउळातून नदीच्या निवांत पात्रात जाऊन राहतात, ही कल्पनाच किती बोधप्रद आहे! देव फार दूर जात नाहीत. मंदिरापासून थोड्याच अंतरावर शांतता त्यांना सापडते.

भाविकांनाही ती तितकीच जवळ आहे. दर्शन घेऊन बाहेर येताच पादत्राणांकडे धाव घेऊ नये. मंदिरात घटकाभर टेकण्याचा जुना प्रघात आहे, तो पाळावा. डोळे मिटावेत, पाहिलेले रूप आठवावे आणि श्वासागणिक नाम घ्यावे. त्या घटकेत काही मागू नये. पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात बसावे आणि भ्रमणध्वनी पिशवीत राहू द्यावा. चार क्षेत्रांऐवजी दोनच घडली तरी खंत करू नये. पुंडलिकाचे स्मरण करावे. साक्षात भगवंत दारी आले असताही हातातली मातापित्यांची सेवा त्याने अर्धवट टाकली नाही; वीट पुढे केली आणि देव तीवर उभे राहिले, ते आजतागायत उभे आहेत. थांबण्याची तयारी देवाची आहे. घाई केवळ माणसाला आहे.

या कथेचा उत्तरार्ध मात्र घरी गेल्यावर घडावयाचा असतो. देवाच्या चरणांना लिंबू-साखर चोळली जाते हे ऐकून ज्याचे डोळे पाणावतात, त्याने आपल्या घरात कोणाचे पाय दुखतात याचाही शोध घ्यावा. प्रवासात सर्वांची शिदोरी बांधणारी, सर्वांच्या आधी उठणारी व सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी केव्हा टेकते? वृद्ध आई-वडिलांना दर्शनाला आणले हे पुण्य खरे. परंतु त्यांच्या पावलांच्या गतीने आपण चाललो का? रात्रभर रांगेची व्यवस्था पाहणारा सेवेकरी आणि सलग गाडी हाकणारा चालक यांच्याशी चार शब्द गोड बोलण्याइतकी सवड आपल्यापाशी होती का? स्वतःला विसावा मिळावा अशी इच्छा सर्वांनाच असते. दुसऱ्याला विसावा देणे ही प्रक्षाळपूजाच होय, आणि ती कोणालाही, कोठेही करता येते.

दातृत्वाचे मर्मही येथेच आहे. अन्नदान, पिण्याचे पाणी, सावली, निवासाची सोय यांसाठी जे दिले जाते, त्यातून एखादा थकलेला यात्रेकरू घटकाभर टेकतो आणि समाधानाने देवाचे नाव घेतो. दात्याला तो ओळखत नाही, देव ओळखतात.

थंडीच्या या धामधुमीत प्रत्येक भाविकाला श्रीचरणी घटकाभर निवांतपणा लाभो, आणि त्याच्यामुळे आणखी एका श्रांत जिवाला विसावा मिळो, हीच श्रीपांडुरंगचरणी प्रार्थना.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥