पहिल्या घावाची कमाई

वडोदऱ्याच्या मांडवीभोवती जुन्या कोटाचे चार दरवाजे आहेत: लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. जानेवारी १७७५ मध्ये या कोटाच्या आत फत्तेसिंगराव गायकवाड होते. बाहेर वेढा घालून त्यांचेच भाऊ गोविंदराव बसले होते. त्याच सुमारास पेशवाईला मुकलेले राघोबादादा गोविंदरावांच्या छावणीत दाखल झाले. फुटलेले एक घर दुसऱ्या फुटलेल्या घराच्या आसऱ्याला आले होते.

इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध आपण याच दादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला केलेल्या तहापासून मोजतो. मुंबईकर इंग्रजांनी अडीच हजारांची फौज द्यायची, दादांनी साष्टी बेट आणि वसई द्यायची, असा तो सौदा. पण ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच हल्ला करून घेतला होता, पाठोपाठ साष्टीही. पोर्तुगीज आरमार येत असल्याची बातमी हे निमित्त. दादा जी साष्टी देऊ करत होते, ती घेणाऱ्याच्या पदरात आधीच पडली होती. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण इथे तोकडी पडते. तिसरा भांडण संपायची वाट बघत बसलाच नव्हता.

पुढे सात वर्षे रक्त सांडले. मही नदीपलीकडे अडासला, १८ मे १७७५ रोजी, पुणे दरबारच्या हरिपंत फडक्यांच्या फौजेने इंग्रजांच्या कर्नल कीटिंगच्या पलटणींची दाणादाण उडवली, तरी अखेर माघार घेतली. मुंबईकरांच्या वरिष्ठ, कंपनीच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्धच अन्यायाचे ठरवले. साष्टी मात्र सोडली नाही. १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी ती परत करण्याचे कबूल केले. वरिष्ठांनी तो करारच झिडकारला. १७८० मध्ये इंग्रज सेनानी गॉडर्डने डभई आणि अहमदाबाद घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहात अहमदाबाद सुटले, वसई सुटली, दादांचा पक्षही सुटला. साष्टी मात्र राहिली.

ज्यासाठी युद्ध पुकारले ती दादांची गादी विसरली गेली. जे तहात फक्त मोबदला म्हणून लिहिले होते ते हाती उरले. म्हणून युद्धाचा हेतू पुकाऱ्यात शोधू नये. पहिला घाव कुठे पडला ते पाहावे.

वडोदऱ्याने याचा दुसरा धडा १८०२ मध्ये घेतला. गायकवाडांच्या घरात पुन्हा वाद पेटला आणि कंपनीची फौज आली, या खेपेला बोलावल्यावरून. वाद मिटला; कंपनीचा रेसिडेंट मुक्कामाला राहिला.