आधी कान, मग जीभ



मावळातला एखादा मुलगा भाषा शिकायला जर्मनीत जातो, तिथल्या एका कुटुंबात राहतो. पुण्यातल्या वर्गात तो हुशार म्हणून ओळखला जाई. पण तिथं पावाच्या दुकानात बाईंनी काही विचारलं, की घशाला कोरड पडते. वर्गातली भाषा चालते, रस्त्यावरची धावते. जेवताना सगळे हसतात, तोही हसतो, जरा उशिरा. रात्री डोकं ठणकतं. आईला फोनवर मात्र सांगतो, “मजेत आहे गं.”

त्याच्या गावाजवळच कार्ल्याचं लेणं आहे. सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट या ठिकाणचे यवनही आहेत. ‘यवन’ हा शब्द मूळचा ग्रीकांसाठीचा. पण लेख ग्रीक भाषेत नाहीत. ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहेत. एका यवनाचं नाव तर सिहधय, म्हणजे सिंहध्वज! इथल्या शब्दांत दान नोंदवण्याआधी त्यांचा कुणी पूर्वज इथल्या बाजारात अडखळला असेलच की.

तान्हं बाळ कितीतरी महिने नुसतं ऐकतं. त्याला कुणी मुकं म्हणत नाही. परक्या भाषेत मोठं माणूसही तान्हंच असतं. मग एके दिवशी तो मुलगा वेळेवर हसतो, कारण विनोद खरंच कळलेला असतो.

आज लोणावळ्यात कुणी परदेशी पाहुणा मोडक्या मराठीत चहा मागेल. त्याला घाईनं इंग्रजीत उत्तर देऊ नका. सावकाश, मराठीतच विचारा, “साखर किती?”