आवाज चढा, अंतःकरण नम्र



काही माणसांच्या मनात आलेले ओठांआड राहत नाही. ती दुरूनच सलाम करतात, मोकळेपणी हसतात, हातवारे करीत बोलतात. आपल्या घरांत असा मुलगा ‘आगाऊ’ आणि मुलगी ‘तोंडाळ’ ठरते; अबोल मूल तेवढे संस्कारी. हा निवाडा इस्लामच्या शिकवणीशी जुळतो काय?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत चढा आवाज पुष्कळदा कष्टातून घडलेला असतो. कोळसा खाणीत यंत्रांच्या घरघरीवर बोलावे लागते. मोहफुले वेचायला रानात गेलेली माणसे वाघ-अस्वलाच्या भीतीने एकमेकांना हाका देत राहतात.

आमच्या मशिदीत खाणीतून निवृत्त झालेले एक चाचा येत. नमाजनंतर प्रत्येकाची विचारपूस करीत, तीही मोठ्याने. एके दिवशी मी चारचौघांत त्यांना गप्प केले. पुढच्या दोन जुम्यांना ते आले नाहीत. घरी गेलो तेव्हा म्हणाले, “मौलाना, माझा आवाजच असा. मशिदीची बेअदबी होण्यापेक्षा घरीच नमाज बरी.”

ते ऐकून मला हजरत साबित बिन कैस (रजि.) आठवले आणि स्वतःची लाज वाटली.

साबित (रजि.) हे अन्सारांचे वक्ते होते, त्यांचा आवाज जात्याच मोठा. सूरह अल-हुजुरातमध्ये प्रेषितांच्या आवाजापेक्षा आपला आवाज चढवू नका, अन्यथा तुमची सत्कर्मे वाया जातील, असा आदेश अवतरला. तेव्हा ते मान खाली घालून घरी बसले. आपण नरकवासी झालो, असे त्यांनी मानले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांची अनुपस्थिती जाणवली. त्यांनी चौकशी केली आणि निरोप धाडला की, साबित नरकवासी नाहीत, ते जन्नतवासी आहेत. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. बनू तमीमचे शिष्टमंडळ मदीनेत आले, तेव्हा त्यांच्या वक्त्याला उत्तर देण्यास प्रेषितांनी याच साबित (रजि.) यांना उभे केले, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. पुढे यमामाच्या युद्धात ते शहीद झाले.

येथे आदेश शिथिल झाला नाही आणि माणूसही दुरावला नाही. स्वभावाने मोठा असलेला आवाज वेगळा. दुसऱ्याला तुच्छ लेखून चढविलेला आवाज वेगळा. पहिल्याला वळण द्यावे, दुसऱ्याबद्दल तौबा करावी.

बोलक्या माणसावरही जबाबदारी आहेच. हजरत लुकमान यांनी पुत्राला आवाज खाली ठेवण्याचा उपदेश केला होता. समोरच्याला बोलू द्यावे, थट्टेने कोणाचे मन दुखवू नये. हजरत अबू बक्र (रजि.) रात्रीच्या नमाजमध्ये हळू पठण करीत, हजरत उमर (रजि.) मोठ्याने. प्रेषितांनी एकाला आवाज किंचित वाढविण्यास, दुसऱ्याला किंचित उतरविण्यास सांगितले. ‘किंचित’च, कोणालाही दुसऱ्यासारखे होण्यास सांगितले नाही.

मी चाचांची क्षमा मागितली. आता ईदच्या दिवशी सफा सरळ करण्याची हाक तेच देतात आणि ती शेवटच्या सफेपर्यंत पोहोचते.

आज आपल्या घरात कोणी बोलके मूल अचानक गप्प बसले असेल, तर प्रेषितांच्या सुन्नतीप्रमाणे त्याची चौकशी करा. अल्लाह आपल्या जिभेला नम्रता आणि कानांना धीर देवो. आमीन.