आमेन म्हणण्यापूर्वी



मिस्साबलिदानात धर्मगुरू आपल्यासमोर पवित्र भाकर धरून 'ख्रिस्ताचे शरीर' असे म्हणतात आणि आपण 'आमेन' म्हणून तिचा स्वीकार करतो. त्या एका शब्दाने आपण कशाला होकार देतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

पहिला होकार प्रभूच्या उपस्थितीला आहे. भाकर व द्राक्षारस यांचे बाह्यरूप तेच राहते; परंतु त्यांचे मूळ सत्त्व पालटून प्रभू येशू स्वतः तेथे खरोखर उपस्थित होतो. ख्रिस्तसभेची ही श्रद्धा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली निःसंदिग्ध शब्दांत मांडली.

दुसरा होकार मात्र आपण सहज विसरतो. इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. प्रभुभोजनासाठी तेथे सारे एकत्र जमत. पण काही जण आपापले अन्न आधीच खाऊन घेत आणि ज्यांच्यापाशी काही नसे ते उपाशीच राहत. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना बजावले. वेदीवरचे शरीर मान्य, पण शेजारी बसलेला बंधू अमान्य, ही विसंगती त्याला सहन झाली नाही.

पुढे संत ऑगस्टिन यांनी नवदीक्षितांना हेच रहस्य उलगडून दाखविले. अनेक दाणे दळले जातात, पाण्याने मळले जातात, अग्नीत भाजले जातात, तेव्हा कोठे एक भाकर होते. तुम्हीही असेच ख्रिस्ताचे एक शरीर झाला आहात. म्हणून तुमचे 'आमेन' खरे ठरू द्या, असा त्यांच्या बोधाचा आशय होता.

वाचकहो, ज्या सख्ख्या भावाशी मी वर्षानुवर्षे अबोला धरला आहे, तो त्याच रांगेत उभा असतो. जिच्या पगारातून मी आजारपणाचे दिवस कापून घेतले, ती मोलकरीण कदाचित माझ्या पुढेच उभी असते. ज्याची जात मी मनातल्या मनात मोजतो, तोही त्याच वेदीकडे चालला आहे. त्यांना नाकारून मी कोणत्या शरीराला 'आमेन' म्हणणार?

म्हणून रांग सोडून घरी परतावे, असे मात्र नव्हे. आधी बंधूशी समेट कर आणि मग येऊन आपले अर्पण वाहा, असे प्रभूने सांगितले आहे. येत्या रविवारपूर्वी एका तरी दारावर थाप द्या, कोणाचे देणे असेल तर ते चुकते करा. मग वेदीपाशी या आणि निर्भयपणे म्हणा, आमेन.