न दाखवलेलं ऐकताना

पुरस्कारांचा हंगाम ओसरल्यावर मगच नामांकित चित्रपट बघावेत, असं मला अलीकडे फार वाटतं. कोण जिंकणार ही उत्सुकता संपलेली असते आणि शर्यतीत एकमेकांविरुद्ध उभे केलेले चित्रपट शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. २०२४च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नामांकनं होती. ते चित्रपट मी सावकाश पाहत गेलो, तेव्हा त्यांतल्या काहींच्या मुळाशी एकच प्रश्न असल्याचं जाणवलं. दुसऱ्याच्या यातना पडद्यावर दाखवायच्या की नाही?

जोनाथन ग्लेझरच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’चं उत्तर ठाम आहे. ऑश्विट्झच्या छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस छावणीच्या भिंतीला लागूनच कुटुंबासह राहतो. त्याची बायको हेडविग बागेत रमते, मुलं हौदात डुंबतात. भिंतीपलीकडचे अत्याचार कॅमेरा दाखवत नाही. मात्र गोळ्यांचे आवाज, किंकाळ्या, भट्ट्यांची अखंड घरघर ऐकू येत राहते. थोड्या वेळाने आपल्यालाही त्या घरघरीची सवय होऊ लागते, आणि ते लक्षात येताच अंगावर काटा येतो. हेडविगची आई पाहुणी म्हणून येते आणि रात्री भट्टीचा उजेड पाहून पहाटेपूर्वीच निघून जाते. तिने मागे ठेवलेली चिठ्ठी हेडविग शेगडीत टाकते. चिठ्ठीत काय होतं, हे आपल्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. ध्वनीसाठीचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं. त्या रात्रीचा इतका अचूक निर्णय मला दुसरा दिसत नाही.

सात ऑस्कर मिळवणाऱ्या ‘ओपेनहायमर’मध्येही हिरोशिमा दिसत नाही. बॉम्ब पडल्यानंतर लॉस अलामोसच्या सभागृहात ओपेनहायमर भाषण करतो, पाय आपटणाऱ्या गर्दीचा गजर अचानक बंद पडतो आणि एक किंकाळी ऐकू येते. ख्रिस्तोफर नोलनच्या कामातला हा एक अव्वल प्रसंग आहे. तरीही ती किंकाळी ओपेनहायमरच्या मनातली आहे. पुढे हिरोशिमाची छायाचित्रं दाखवली जातात, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि तो नजर वळवतो. जपानी माणसं दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. चित्रपट ओपेनहायमरच्या नजरेतून सांगितला आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे, पण ते पुरत नाही. ‘झोन’ही गुन्हेगाराच्याच घरात घडतो, पण तिथे बळी क्षणभरही विसरू दिले जात नाहीत. न दाखवणं आणि वगळणं यांतला फरक मला या दोन चित्रपटांनी शिकवला.

जस्टिन त्रिएच्या ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये नवराबायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवलं जातं. भांडण आपल्याला दिसू लागतं, पण हाणामारी सुरू होताच दृश्य पुन्हा कोर्टात येतं आणि उरतात फक्त आवाज. कोणी कोणाला मारलं, हे ज्याने त्याने ठरवायचं. दृष्टी अधू असलेला त्यांचा मुलगा तिथेच बसून हे सारं ऐकत असतो, आणि पुढे निर्णायक साक्ष त्यालाच द्यायची आहे.

सगळ्यांत जास्त विचार मात्र मी ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’चा करतो. दहा नामांकनं मिळूनही त्याच्या हाती एकही ऑस्कर लागलं नाही. १९२०च्या दशकात ओक्लाहोमात तेलामुळे श्रीमंत झालेल्या ओसेज आदिवासींचे खून पाडले गेले, त्याची ही गोष्ट. ती बरीचशी अर्नेस्टच्या, म्हणजे खुनांच्या कटात सामील असलेल्या गोऱ्या नवऱ्याच्या बाजूने चालते. लिली ग्लॅडस्टोनने विलक्षण ताकदीने उभी केलेली त्याची ओसेज बायको मॉली उत्तरार्धात बराच काळ आजारी पडून असते. हा दोष मला खटकला आणि आजही खटकतो. पण शेवटी मार्टिन स्कॉर्सेसी हीच कहाणी गोऱ्या श्रोत्यांपुढचा रेडिओ-कार्यक्रम म्हणून मांडतो. कलाकार मंचावर तोंडाने आणि वस्तूंनी आवाज काढतात, लोक मजेत ऐकतात. मग स्कॉर्सेसी स्वतः पुढे येऊन मॉलीच्या मृत्युलेखाबद्दल सांगतो. त्या लेखात खुनांचा उल्लेखच नव्हता. ओसेज लोकांच्या दुःखाची करमणूक करणाऱ्यांच्या रांगेत तो स्वतः उभा राहतो आणि आपल्यालाही त्या श्रोत्यांत बसवतो. दोष त्याने पुसला नाही, पण लपवलाही नाही. म्हणून माझ्या यादीत ‘झोन’च्या खालोखाल हा चित्रपट आहे आणि ‘ओपेनहायमर’ त्याच्या बराच खाली.