चिंबोरीला दुखतं का?

मुंबईच्या मासळी बाजारात पापलेट आणि सुरमई बर्फावर निपचित पडलेली असतात. शेजारच्या टोपलीतल्या चिंबोऱ्या मात्र जिवंत असतात: नांग्या सुतळीने बांधलेल्या, तोंडाशी फेस, देठांवरचे डोळे हलताहेत. गिऱ्हाईक एखादी उचलून भरलेली आहे का ते दाबून बघतं, कोळणीशी भावाची घासाघीस होते आणि चिंबोरी पिशवीत जाते. घरी बऱ्याचदा तिचे डेंगे आणि पाय ती जिवंत असतानाच एकेक करून मोडले जातात. बोकडाच्या ओरडण्याने ज्यांच्या पोटात कालवतं, अशी माणसंही इथे निश्चिंत असतात.

बोकडाला पाठीचा कणा आहे, चिंबोरीला नाही. शाळेच्या पुस्तकात हा फरक शरीररचनेचा म्हणून शिकवला जातो. व्यवहारात तो दयेची हद्द होऊन बसला आहे.

ही हद्द आखली गेली ती वेगळ्याच कामासाठी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन गट केले. रक्त म्हणजे लाल रक्त, म्हणून निळसर रक्ताचा ऑक्टोपस दुसऱ्या गटात गेला. १७९३ साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात लामार्क या मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे कीटक आणि कृमी हा विभाग आला. लिनियसने कणा नसलेली सारी सृष्टी याच दोन वर्गांत कोंबली होती. लामार्कने ती निगुतीने वेगवेगळी केली आणि १८०१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावातच या प्राण्यांना ‘कणा नसलेले’ म्हटलं.

नाव पडलं ते असं, नसलेल्या अवयवावरून. जगातल्या भाषांचे ‘मराठी’ आणि ‘अमराठी’ असे दोन गट केले, तर तमिळ आणि जपानी एकाच गटात येतील, पण त्यामुळे त्या एकमेकींच्या बहिणी होणार नाहीत. ज्ञात प्राणिजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती अपृष्ठवंशीय आहेत आणि त्यांच्यातली नाती अशीच दूरदूरची आहेत. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर तारामासा ऑक्टोपसपेक्षा माणसाला जवळचा आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या हर्डमानिया या समुद्री प्राण्याच्या डिंभाला शेपटीत पृष्ठरज्जू असतो. पुढे तो खडकाला चिकटतो आणि पृष्ठरज्जू नाहीसा होतो. अशा प्राण्यांचं माणसाच्या कुळाशी असलेलं नातं कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवून दिलं.

भारतीय परंपरेने प्राण्यांची वाटणी करताना कण्याकडे पाहिलं नाही. ऐतरेय उपनिषदाने जन्माची रीत पाहिली: अंड्यातून, गर्भवेष्टनातून, घामातून की जमीन फोडून. जैन विचाराने त्याहून निराळा प्रश्न विचारला. जीवाला जाणवतं किती? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या संख्येवर चढती श्रेणी आहे. वनस्पतींसारख्या स्थावर जीवांना एकच इंद्रिय, स्पर्शाचं. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, आणि माणसासह पशुपक्ष्यांना पाच.

ही मोजणी आजच्या जीवशास्त्राशी जुळत नाही. मुंग्यांच्या कितीतरी जातींना डोळे असतात. पण या मांडणीत कुठेही अशी भिंत नाही, जिच्यापलीकडच्या जीवाचा विचारच करायचा नाही. पायी फिरणारे जैन मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात, कारण पावसाळ्यात जमिनीवर बारीक जीव उदंड होतात. बसण्याआधी दिगंबर मुनी मोरपिसांच्या पिच्छीने जागा हळुवार झाडून घेतात. तिथे कण्याचा संबंधच येत नाही.

विज्ञान या प्रश्नाकडे उशिरा वळलं, पण वळलं ते पुराव्यानिशी. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी रिकाम्या शंखात घर करणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. नावडत्या शंखातले खेकडे चटकन बाहेर पडले, आवडत्या शंखातल्यांनी मात्र झटके सोसूनही घर सोडायला कां कू केली. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर शंखाच्या पसंतीने फरक पडायचं कारण नव्हतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबिन क्रुक यांच्या प्रयोगात, ज्या कप्प्यात आम्लाच्या टोचणीनंतरचा दाह सोसावा लागला तो कप्पा ऑक्टोपस टाळू लागले. बधिर करणारं औषध मिळाल्यावर टोचलेली जागा चोचीने कुरतडणं त्यांनी थांबवलं. ऑक्टोपसकडे सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक बाहूंमध्ये.

खेकड्याला नेमकं काय जाणवतं, हे त्याच्या जागी जाऊन कुणालाच पाहता येणार नाही. पण दुसऱ्या माणसाचं दुःखही वागण्यावरूनच ओळखावं लागतं. तिथे पुरेसा मानला जाणारा पुरावा, कणा नाही म्हणून इथे अपुरा ठरवता येत नाही.

कायदे हळूहळू हे मान्य करू लागले आहेत. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये लॉब्स्टर बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकण्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने या प्रश्नावरची ३०० हून अधिक संशोधनं तपासून अहवाल दिला. त्यानंतर तिथल्या २०२२ च्या कायद्याने पृष्ठवंशीयांच्या जोडीला ऑक्टोपसचं कूळ आणि खेकडे, कोळंबी, लॉब्स्टर यांचा दशपाद गट संवेदनक्षम मानला. भारताला ही भर घालावी लागली नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. अन्नासाठी मारण्याला तो कायदा मुभा देतो, पण अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवर.

ही अट टोपलीतल्या चिंबोरीलाही लागू आहे. खेकड्याची दोन मुख्य चेताकेंद्रं असतात: एक पोटावरच्या झाकणाखाली, दुसरं डोळ्यांजवळ. सराईत हात टोकदार सळईने ती दोन्ही काही सेकंदांत भेदतात. दोन डेंगे आणि आठ पाय एकेक करून मोडायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चिंबोरी जिवंत असते.