आधी स्लाइड, मग टिनिया

दार लावा आणि मोबाइल खिशात ठेवा. आजचे केस पेपर माझ्यासमोर आहेत. एकामागून एक टिनिया, टिनिया, टिनिया, आणि खाली टर्बिनाफिन. कशावरून टिनिया? चट्टा गोल दिसला म्हणून? गोल चट्टा नमुलर एक्झिमाचा असतो, सोरायसिसचा असतो, पिटिरायसिस रोझियाचा पहिला चट्टा गोलच असतो. आणि कुष्ठरोगाचाही असतो.

या शेवटच्या नावापाशी थांबा. डाव्या हातावर चट्टा असलेल्या त्या शेतमजूर बाई तीन महिने आपल्याच विभागातून मलम नेताहेत. त्यांच्या कागदावर तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, म्हणजे तुमच्यातल्या तिघांनी त्यांना पाहिलं. खाजतं का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आज मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई वो, तिथं काईच कळत न्हाई." चट्टा फिकट, कोरडा, त्यावर लव नाही. डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक टेकवलं. चट्ट्याबाहेर टेकवलं की त्या बरोबर जागेवर बोट ठेवत होत्या, चट्ट्यावर टेकवलं की गप्प. कोपरामागची अल्नर नर्व्ह जाड झालेली हाताला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून सरळ आहे. आणखी काही महिने आपण मलमच देत राहिलो असतो, तर ती बोटं वाकली असती आणि त्या हातानं पुन्हा मूठ वळली नसती. कापूस टेबलावर होता. कुष्ठरोगाची एमडीटी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. यात कमी पडलात ते फक्त तुम्ही. डिसेंबर २००५मध्ये देशात दहा हजार लोकांमागे कुष्ठरोगाचे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. याचा अर्थ रोग संपला, असा तुम्ही कसा घेतलात?

आता जो खरोखर टिनिया आहे, त्याच्याकडे या. जांघेत चट्टे घेऊन आलेला तो मुलगा. कड पुसट, खवले जवळजवळ नाहीत, एका कड्याच्या आत दुसरं कडं, आणि मांडीच्या आत कातडीवर ताणाचे पांढरे व्रण. हे स्टेरॉइडचं काम आहे. 'काही लावलंत का' असं विचारलं की पेशंट 'नाही' म्हणतो, कारण मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब त्याच्या हिशेबात औषधच नसते. ट्यूब घेऊन यायला सांगा. त्यात क्लोबेटासॉल असतं, सोबत अँटिफंगल आणि अँटिबायोटिक. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तो लावत राहतो आणि आत बुरशी पसरत जाते. २०१८ साली सरकारनं ही मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, तरी काउंटरवरून ती बिनचिठ्ठी विकली जाताहेत. मग विचारायचं काम तुमचंच.

आणि टर्बिनाफिन खाऊनही उतरत नाही, म्हणून तुम्ही पेशंटलाच दोष देता, गोळ्या नीट घेत नाही म्हणून. पण दोष बुरशीचाही असू शकतो. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे तिच्या एका जातीचं नाव २०२० साली दिलं गेलं, तुमच्या शिक्षणाच्याच काळात. या जातीच्या अनेक नमुन्यांत स्क्वालीन एपॉक्सिडेजच्या जनुकातच बदल असतो, आणि टर्बिनाफिन नेमकं त्याच एन्झाइमवर काम करतं. अशा वेळी कल्चर पाठवायचं, औषध बदलायचा विचार करायचा, घरात अजून कुणाला खाजतंय का, टॉवेल एकच आहे का, हे विचारायचं.

स्क्रेपिंग कसं घ्यायचं, हेही पुन्हा सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. जागा स्पिरिटनं पुसा. खरवडायचं ते कडेवर, मध्यभागी नाही. बुरशी कडेला जिवंत असते. दहा टक्के केओएचचा थेंब, कव्हरस्लिप, ज्योतीवरून हलकेच फिरवा, उकळू देऊ नका, नाहीतर स्फटिक दिसतील. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नखाला जास्त तीव्र केओएच लागतं आणि वेळही कितीतरी जास्त. कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा. पेशींच्या कडा ओलांडून जाणारा, फाटे फुटलेला, आडवे पडदे असलेला धागा दिसला, तरच बुरशी म्हणा. पेशींच्या कडेकडेनं फिरणारी जाळी म्हणजे बुरशी नव्हे. पेशंट आधीच अँटिफंगल लावत असेल तर निगेटिव्ह स्लाइडवर विसंबू नका. काखेतला तपकिरी चट्टा वुड्स लॅम्पखाली प्रवाळासारखा लाल चमकला तर तो एरिथ्राझ्मा, म्हणजे बॅक्टेरिया. तिथे टर्बिनाफिनचा काय उपयोग?

स्लाइड पाहून काय साधतं, ते ऐका. हेन्री व्हँडाइक कार्टर, 'ग्रेज अॅनाटॉमी'ची चित्रं काढणारा, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होता. सुजलेल्या पायांतून पाझरणारे दाणे त्यानं मायक्रोस्कोपखाली धरले आणि मायसेटोमा बुरशीचा असतो हे मांडलं. १८७४ साली त्याचं पुस्तक निघालं. कुष्ठरोगावरही त्यानंच काम केलं. आज आपल्याला ठाऊक आहे की काळे दाणे बुरशीचे, लाल दाणे बॅक्टेरियाचे, आणि पांढरे दोन्हींपैकी कशाचेही असू शकतात; दोघांची औषधं वेगळी. कार्टरकडे होतं त्याहून चांगलं भिंग तुमच्याकडे आहे आणि त्यावर धूळ बसली आहे.

उद्यापासून तपासल्याशिवाय पेशंट बाहेर पाठवलात, तर त्याला परत बोलावण्याचं एसटीचं भाडं तुमच्या खिशातून जाईल. स्लाइड स्वतः पाहायची, टेक्निशियनवर ढकलायची नाही. फिकट चट्टा दिसला की कापूस आणि नर्व्ह, दोन्ही. शंका आली तर मला हाक मारा. ओपीडी दोनला संपत असली तरी मी चारपर्यंत इथेच असते.